अप्पांचं न झालेलं कपाट

टाटा सुमो वारज्याच्या आमच्या बिल्डिंगखाली येऊन उभी होती, बॅगा टपावर बांधून झाल्या होत्या आणि अप्पांचा पत्ता नव्हता. आईने बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली, शेजारच्या काकू दोनदा रडून घरी जाऊन आल्या, ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. दोन हजार साल जवळ आलं होतं, वायटूकेची हवा होती. कॉम्प्युटर शिकलेला जो तो व्हिसा घेऊन उडत होता, त्यातलीच मी एक. शेवटी अप्पा सायकल हाणत आले, घामाघूम. माझे वडील कुठे गेले होते, तर गावातल्या वाचनालयात, माझी दोन पुस्तकं परत करायला. "विमान चुकलं तर दुसरं मिळतं," म्हणाले, "मुदत चुकली की दंड." मग खिडकीशी वाकून, "कार्ड बंद नाही केलं तुझं. आणि मागे वळून बघत बसू नकोस, घाटात गाडी लागते." आमच्या घरातलं निरोपाचं भाषण एवढंच.

अप्पा पाटबंधारे खात्यात कारकून होते. लोणी काळभोरहून शिकायला शहरात आले आणि इथलेच झाले. मी लहान असताना दर रविवारी सायकलवर पुढे बसवून मला वाचनालयात न्यायचे. मी चित्रकलेची मोठाली पुस्तकं घेऊन बसायची, जी घरी न्यायला मिळत नसत. अप्पा इतिहासाच्या दालनात शिरायचे आणि हळूहळू शेवटच्या भिंतीपाशी पोचायचे. तिथे कुलवृत्तांतांचं कपाट होतं. एकेका घराण्याचा एकेक जाडजूड ग्रंथ. मूळ पुरुष कोण, कोकणातून घाटावर कोण आला, नोकरीसाठी इंदूरला कोण गेला, सगळं थेट पणतवंडांपर्यंत. लोक त्यात स्वतःचं नाव शोधायला येत. अप्पा आपले दुसऱ्यांची घराणी कादंबरीसारखी वाचत बसत.

एकदा ग्रंथपालांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "काय शोधताय आपण? आडनाव काय?"

"आमचं कपाट अजून सुताराकडेच आहे," अप्पा म्हणाले.

ग्रंथपाल हसले नाहीत. अप्पा मात्र लकडी पूल येईपर्यंत हसत होते. मला त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही. आम्ही बौद्ध. आमच्या माणसांची वंशावळ छापावी असं कधी कुणाला वाटलंच नव्हतं, हे उमगायला मला मोठं व्हावं लागलं. उमगलं तेव्हा मी अमेरिकेत, ओहायोत होते.

तिथे पहिली काही वर्षं नुसतीच गेली. प्रोजेक्ट, ग्रीन कार्ड, घराचे हप्ते, मुलीची शाळा. दर रविवारी अप्पांचा फोन. "तुझ्या कार्डावर आज अमेरिकेचं प्रवासवर्णन आणलं," असं सांगायचे आणि मग मला माझ्याच देशाबद्दल, म्हणजे या नव्या देशाबद्दल, प्रश्न विचारायचे. मला निम्म्यांची उत्तरं यायची नाहीत. "राहतेस ना तिथेच?" म्हणायचे.

मुलीला घेऊन मी इथल्या पब्लिक लायब्ररीत जायला लागले. एक दिवस ती गोष्टी ऐकायला बसली होती, म्हणून मी सहज बेसमेंटमध्ये उतरले. तिथे गावाचा इतिहास आणि घराण्यांचा शोध यांची स्वतंत्र खोली होती. म्हाताऱ्या बायका आपले पणजोबा कुठल्या बोटीने आले ते शोधत होत्या. मार्था नावाची बाई ती खोली सांभाळते. तिनेच विचारलं, "तुमच्या घरातलं कुणी बोलेल का? नव्याने आलेल्यांच्या घराण्यांच्या मुलाखतीही आम्ही जपून ठेवतो." इतक्या वर्षांत कुणी आपणहून विचारलं, आणि ते इथे.

मी लगेच अप्पांना फोन लावला. त्यांना आनंद होईल अशी माझी खात्री. ते म्हणाले, "पुण्यात का नको?"

"पुण्यात कोण विचारतंय, अप्पा?"

"विचारत नाहीत म्हणून तर जातो. रोज दिसलो की कधीतरी विचारतील."

माझा हट्ट मात्र सुटेना. त्यांच्याएवढं आमच्यात आता कुणालाच ठाऊक नव्हतं आणि त्यांना दम लागायला लागला होता. शेवटी तिकडे कॉम्प्युटरसमोर इस्त्रीचा शर्ट घालून बसले, इकडे मी रेकॉर्डिंग सुरू केलं. जय भीम म्हणाले आणि सुरुवात केली ती छप्पन्न सालापासून. वडिलांचा हात धरून त्यांनी घेतलेली दीक्षा, मग शाळा, मग शहर. "त्याच्या आधीचं?" मी विचारलं. "त्याच्या आधी लोकांनी आपल्याला नावं ठेवली. ती जपून काय करायची? आपलं घराणं इथून सुरू होतं." आजीचं, म्हणजे त्यांच्या आईचं, नाव मात्र सांगितलं, तिच्या ओव्यांच्या दोन ओळीही म्हणून दाखवल्या. माझी मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. तिला त्यातलं फारसं कळलं नाही.

अप्पा पुढच्या उन्हाळ्यात गेले. वेळेवर पोचता आलं नाही. त्याबद्दल काय लिहू, माझ्यासारख्या कितीजणींना ते ठाऊक आहे.

गेल्या महिन्यात मार्थाने त्या मुलाखतीचा इंग्रजी सारांश मागितला. तिच्या खोलीत हेडफोन लावून बसले. आमच्या आडनावाची चिठ्ठी लावलेलं खोकं समोर होतं. त्या इमारतीत तो आवाज कळणारी मी एकटीच. शेवटी मी "झालं, अप्पा" म्हणते आणि पडदा बंद व्हायच्या आधी ते म्हणतात, "झालं बाई कपाट एकदाचं. पण गाव चुकलं." त्या दिवशी मी हे ऐकलंच नव्हतं, मला रेकॉर्डिंग बंद करायची घाई.

मी ते जसंच्या तसं लिहून दिलं. मार्थाने वाचलं आणि विचारलं, "मग बरोबर गाव कोणतं?"

मी घरी येऊन पुण्याच्या वाचनालयात फोन केला. मुलाखत ठेवून घ्याल का, विचारलं. "आमच्याकडे छापील ग्रंथ घेतात," फोनवरच्या बाई म्हणाल्या. "छापून, बांधून आणा, मग बघू." तेव्हा आता छापायचं ठरवलंय. आप्तांपैकी कुणाला अप्पांच्या आईचं माहेर ठाऊक असेल तर कळवा, ते मी विचारायचं राहिलं. एवढी वर्षं घर म्हणजे जिथे आपली माणसं तिथे, असं मी लेकीला सांगत आले. आता वाटतं, आपला माणूस जे बोलला ते जिथे कुणाला उलगडून सांगावं लागत नाही, ते घर.

फोन ठेवता ठेवता बाईंनी माझं नाव शोधलं. "तुमच्या कार्डाची मुदत संपत आलीय. पण तुम्ही अमेरिकेत, पुस्तकं इथे. आता वाचणार कोण?"

"राहू द्या चालू," मी म्हटलं.