मागच्या भिंतीचे नऊ दगड

आमच्या घराची मागची भिंत एका पावसाळ्यात बसली आणि पुढच्या उन्हाळ्यात ती नव्याने उभी करायची ठरली. माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर, चढायच्या शिडीला वाळवी लागली होती. सासूबाई म्हणाल्या, भिंत होतीच आहे तर तिच्यातच नऊ दगड पायऱ्यांसारखे बाहेर काढून घ्या, त्यांना धरून वर जाता येईल. डाळी, वड्या, शेंगा वाळवायला वर जायचं काम बायकांचं, म्हणून दगडही बायकांनीच निवडायचे. त्या घरात मला मिळालेला हा पहिलाच अधिकार. मी थोरली सून, वय बावीस. अक्कल गुंजभर आणि तोरा मणभर.

दगड निवडायला मी आणि माझी धाकटी जाऊ अशा दोघी बैलगाडीतून नदीवर गेलो. येलदरीच्या धरणाखाली पूर्णेच्या पात्रात काय पाहिजे ते दगड मिळायचे. मी निळसर, गुळगुळीत, अंड्यासारखे गोटे काढले. माझा विचार असा की चढताना पाय दगडावर पडणार, पायात जोडवी, तेव्हा दगडही तसाच शोभिवंत पाहिजे. माळवदाच्या मागे उकिरडा होता आणि माझी जोडवी बघायला तिथे फक्त म्हैस असायची, हे काही डोक्यात आलं नाही.

धाकटी मात्र खरबरीत, चपटे, कुरूप दगड शोधत होती. प्रत्येक दगडाच्या कडेला चार बोटं अडकवायची आणि अंगाचा सगळा भार देऊन ओढायची. बोटं निसटली की दगड टाकून द्यायची.

मी म्हटलं, "गं बाई, दगड निवडायलीस का बैल?"

"आक्का, तुमचे गोटे पाटीत ठेवून पूजा करा. भिंतीला न्हाई चालायचे."

एवढ्याशा बोलण्यावरून मी हातातला गोटा तिला फेकून मारला. तिच्या नडगीवर बसला. ती खाली बसली, रक्त पुसलं, उठली आणि पुढचा दगड ओढायला लागली. तिच्या जागी मी असते तर गाव गोळा केलं असतं. मार खाऊन न ओरडण्याची सवय माणसाला कशी लागते, हा प्रश्न तेव्हा माझ्या मनाला शिवलाही नाही. माझा दीर तिला मारतो हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पावसाची झड लागते तसं ते चालायचं, आणि आम्ही दार ओढून घ्यायचो.

शेवटी तडजोड झाली. पाच दगड तिचे, चार माझे. भिंत बांधायला गावच्याच बौद्धवाड्यातले मिस्तरी होते. बौद्धवाडा मी आता लिहिते, तेव्हा आमच्या तोंडी दुसरा शब्द होता. मिस्तरींनी माझा एक गोटा हातात फिरवला.

"बाई, दगडाचं तोंड बघू नका. भिंतीत जाणारं शेपूट बघा. हातभर आत गेला तर दगड माणूस पेलतो. हे गोटे बाहेरच्या बाहेर नाचतेत."

"तुमी चिखल कालवा, मिस्तरी. दगडाचं आमी बघतो."

त्यांनी चिखल कालवला. धाकटीने त्यांना एकच गोष्ट सांगितली. पहिला दगड कमरेच्या उंचीवर बसवा. सासूबाई चिडल्या, "एवढ्या वर? मी कशी चढू?" ती म्हणाली, "तुमी कशाला चढता आत्याबाई, मी हाय की." मिस्तरींनी तिच्या मनगटावरचे हिरवे-काळे वळ बघितले आणि दगड कमरेवर बसवला. मी तिला माकडीण म्हणून खदाखदा हसले.

भिंत झाली त्याच वर्षीच्या पावसाळ्यात बौद्धवाड्यांची मागणी मान्य होऊन विद्यापीठाचं नाव बदलायचा निर्णय झाला आणि आमच्याकडची माणसं पिसाळली. एसटी बंद, रेल्वे बंद. रोज कुठल्या ना कुठल्या गावचा धूर दिसायचा. मग आमच्या गावच्या बौद्धवाड्याला आग लागली. कुणी विचारलं तर मी तेव्हा 'लागली' असंच सांगायची. ती लावली होती, आणि लावणाऱ्यांत माझा दीर होता.

भर दुपारी तो घरी आला. मी परसात राखेने भांडी घासत होते. त्याच्या अंगाला रॉकेलचा वास, डोळे लाल. जेवायला वाढ म्हणाला. धाकटी चुलीपासून उठलीच नाही.

"ज्यानं आपली भिंत बांधली त्याचं घर जाळून आलाव, आन् जेवायला मागायलाव? आधी हात तर धुवा."

"लय तोंड सुटलंय तुला."

पहिल्या बुक्कीला तिचं डोकं चौकटीवर आपटलं. दुसरीला नाकातून रक्त आलं. ती त्याच्या काखेखालून परसात पळाली. तो मागे आला आणि त्याने सरपणाच्या ढिगातली कुऱ्हाड उचलली. त्या आधी मी त्याच्या हातात चाबूक, कासरा, लाकूड सगळं बघितलं होतं. कुऱ्हाड पहिल्यांदाच.

धाकटी भिंतीकडे धावली. कमरेवरच्या दगडावर एका उडीत चढली, दुसरा, तिसरा. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला की ही बाई नदीवर डाळी वाळवायच्या दगडांवर भांडत नव्हती. आणि चौथा दगड माझा होता. तिने त्यावर पाय दिला, तो हलत्या दातासारखा जागच्या जागी फिरला आणि निखळून खाली आला.

ती दोन हातांवर लोंबकळत राहिली. तिने बोटं अडकवलेले दोन्ही दगड तिचेच होते म्हणून राहिली. दिराने कुऱ्हाड मारली. टाच फाटली आणि भिंतीवर रक्ताचा फटकारा उडाला.

आता मी काय केलं ते सांगते, हसायचं तर हसा. मी मूठभर राख घेतली आणि त्याच्या डोळ्यांत फेकली. वारा कुठला आहे हे बघायला हवं होतं. सगळी राख माझ्याच डोळ्यांत आली. मग आंधळी होऊन जे हाताला लागलं ते धरलं आणि चावले. त्याचा दंड होता. तोंडात रॉकेलची चव आली, मग रक्ताची. तो बैलासारखा ओरडला, त्याने मला झटकलं, कोपर तोंडावर मारलं. माझे वरचे दोन दात परसात कुठे गेले ते आजपर्यंत सापडले नाहीत. पण तेवढ्यात धाकटी माळवदावर पोचली होती. वाळवणावर ठेवायचे जड दगड वर पडलेले असायचे. तिने त्यातला एक नेम धरून खाली सोडला. त्याच्या खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला. कुऱ्हाड हातातून गळून पडली.

सासूबाई बाहेर आल्या. माझा जबडा उघडून बघत म्हणाल्या, "वरचे पडले का खालचे?" वरचे म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं, कारण त्यांचे स्वतःचे खालचे पडले होते, दोघींत मिळून एक तोंड पुरं होत होतं. ते कसे पडले हे मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा विचारलं. त्यांनी पदर ओला करून माझे डोळे धुतले.

माझ्या नवऱ्याला मी लाखात एक समजायची. तो संध्याकाळी शेतातून आला, सगळं ऐकलं आणि म्हणाला, "तुमी दोघी त्याला चिडवता कशाला?" मी तोंडातलं रक्त त्याच्या पायापाशी थुंकले. एवढंच सुचलं.

धाकटी माळवदावरच राहिली. अंगावर घोंगडी, वरून बारीक पाऊस. खांद्याला फडकं बांधून दीर दोनदा एका हाताने चढायला गेला. दोन्ही वेळा तिने त्याच्या बोटांवर फाटक्या टाचेचा पाय दिला. तो शेतात गेला की ती उतरायची, तो आला की वर. मी खालून फडक्यात भाकरी बांधून फेकायची. पहिली भाकरी उकिरड्यात पडली.

पण भिंतीत भगदाड होतं आणि माझे उरलेले तीन गोटे कधीही निसटले असते. म्हणून मी मिस्तरींना बोलवायला गेले. त्यांच्या घराच्या जागी चार काळ्या भिंती होत्या. ते जळकी लाकडं ओढून काढत होते. मी त्या राखेत उभी राहून त्यांना म्हणाले, "मिस्तरी, दगड निसटला बघा. तुमी सांगितलं ते खरं निघालं. येता का जरा?"

त्यांची बायको वळली. "आमच्या चुलीवर ठेवायला तवा राहिला न्हाई, आन् तुमी दगड सांगायलाव?"

मिस्तरी माझ्याकडे न बघता बोलले. "तुमच्या घराला आता हात लावणार न्हाई मी. दगड पडलेत तिथं, भरा तुमचे तुमी."

मला तेव्हा राग आला. आपण एवढं चालत आलो, तोंड सुजलेलं, आणि हा माणूस नाही म्हणतो. लाज वाटायला पुढे कितीतरी वर्षं लागली. मिस्तरी पुढे गाव सोडून गेले. त्यांची माफी मागायची राहिली ती राहिलीच.

मग मीच दगड शोधले. नदी लांब, म्हणून जुन्या भिंतीचा ढिगारा उपसला. दोन बोटांनी ओढल्यावर माझे तिन्ही गोटे बाहेर आले. धाकटी माळवदाच्या कडेवर पालथी पडून वरून हुकूम सोडायची, "आक्का, तो नको. लोंबकळून बघा आधी." मी लोंबकळायची. एकदा सपशेल कमरेवर पडले तेव्हा वरून ती इतकी हसली की तिच्या नाकातून पुन्हा रक्त आलं. चार दगड बसवायला मला दोन दिवस लागले.

एसटी सुरू झाल्यावर पिंगळीहून तिचा भाऊ आला. त्याने तिची टाच बघितली आणि म्हणाला, "चल घरी." दीर ओट्यावर बसला होता. धाकटी दोघांच्या देखत घरातून परसात गेली, नऊ दगड चढली आणि माळवदाच्या पुढच्या कडेला पाय सोडून बसली. गल्लीतली माणसं थांबायला लागली.

"दादा, मी का जाऊ? मी काय केलंय?"

दीर ओरडला, "खाली उतर. लोक बघायलेत."

"बघू द्या की. कुऱ्हाड विहिरीत टाका, मग उतरते."

"येडी झालीस का? शेतकऱ्याच्या घरात कुऱ्हाड लागती."

"मंग मी हितंच बरी हाय. कुणी विचारलं तर टाच दाखवीन."

तिने खरोखरच पाय उचलून समोरच्या म्हाताऱ्याला टाच दाखवली. म्हाताऱ्याने कपाळाला हात लावला. मागून आणखी दोन बाया आल्या, त्यांनाही दाखवली. दीर उठला. डाव्या हाताने कुऱ्हाड घेतली आणि विहिरीपर्यंत गेला. भाऊ त्याच्या मागे गेला, बघायला. आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. मग ती मागच्या भिंतीवरून लंगडत उतरली आणि चहा ठेवायला गेली.

पुढे त्याने हात उचलला नाही असं मी म्हणणार नाही. दोनदा उचलला. दोन्ही वेळा तो खाली होता आणि ती वर.

सरपण फोडायला मात्र घरात काही उरलं नाही. पुढच्या बाजारापर्यंत मी घरोघर कुऱ्हाड मागत फिरले. तुमची कुठे गेली, असं प्रत्येक घरात विचारायचे. दात नसल्यामुळे माझं बोलणं नीट कळायचं नाही, म्हणून मी ओट्यावर बसकण मारून पहिल्यापासून सावकाश सांगायची.