मोज्यातला तांदूळ

क्राउली गावच्या अर्लीन गिड्रीने तेवीस वर्षं लाफायेट शहरातल्या एका दवाखान्यात नर्स म्हणून काढली. छाती मोठी करून घ्यायला आलेली बाई आधी अर्लीनच्या खोलीत बसायची, मग डॉक्टरांपुढे. टेबलावर छातीत बसवायच्या दोन पिशव्या असायच्या, एक मिठाच्या पाण्याची, एक जेलची.

"दाबून बघ, लाजू नकोस," अर्लीन म्हणायची. "पाण्याची फुटली तर दोन दिवसांत बसते, आरशात दिसतं. जेलची हाताला खरी लागते, पण फुटली तरी गप्प राहते. तिला अधूनमधून मशीनखाली घालून विचारावं लागतं, बाई, बरी आहेस ना?"

आकार मात्र ती घरी ठरवायला सांगायची. नायलॉनच्या दोन मोज्यांत तांदूळ भरायचा, गाठीवर डावा-उजवा लिहायचं, ब्रामध्ये घालून चार दिवस भांडी घासायची, चर्चला जायचं आणि मग किती कप लागले ते येऊन सांगायचं. कुणी दोन बाजूंची वेगवेगळी मापं सांगितली, म्हणजे एक बाजू आधीच जास्त भरलेली निघाली, की अर्लीन पिशव्या बाजूला सारून आधी हात धुवायची आणि त्या बाईची छाती चाचपून बघायची. बहुतेकींचं काही नसायचं. बाईचं शरीर काही साच्यातून काढलेलं नसतं. पण दोघींच्या गाठी तिच्या बोटांना लागल्या होत्या, अगदी वेळेवर. त्या दोघी अजून नाताळला कार्ड पाठवतात.

तिची लेक मिरेल सत्तावीस वर्षांची. एका रविवारी ती जेवायला आली ती ब्लाउजमध्ये तांदूळ घालूनच.

"आई, जेवण झाल्यावर जरा आत येशील? एक दाखवायचंय."

टेबलाशी बाप होता, काका होता. अर्लीनला चेष्टा आवरली नाही. "दाखवायचंय काय त्यात? बापाने जन्मभर तांदळाच्या गिरणीत पोती भरली, लेक ब्रा भरतेय."

काका ठसका लागेस्तोवर हसला. मिरेलही हसली. मग तिने स्वयंपाकघरात जाऊन मोजे काढले, वरच्या फळीवर ठेवले आणि तो विषय पुन्हा काढला नाही. अर्लीननेही विचारलं नाही. परक्या बायकांना हौसेने पिशव्या निवडून देणाऱ्या या बाईला आपल्या लेकीने त्या रांगेत बसावं हे कमीपणाचं वाटत होतं.

दहा महिन्यांनी मिरेलची पाठ दुखायला लागली. ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोग डाव्या छातीतून हाडांत गेलाय. दीड वर्ष पोर झुंजली. शेवटी शेवटी म्हणायची, "आई, तुझा हात गार आहे, ठेव तसाच."

दफन झालं, आलेले लोक परतले. आठवड्याने अर्लीनने चुलीवर पाणी ठेवलं, तर डब्यात तांदूळ नव्हता. फळीवर हात घातला आणि ते मोजे हाती आले. गाठींवर मिरेलचं अक्षर होतं.

तिने कप घेतला. उजव्यातला तांदूळ दोन कप भरला. डाव्यातला एक, वर मूठभर.

तिने परत भरून पुन्हा मोजला. तेवढाच.

पोरीला कळलं होतं. म्हणूनच तर ती बोलवत होती.

बाहेरून नवऱ्याने विचारलं, "काय गं, तांदूळ नाहीये का?"

अर्लीनने दोन्ही गाठी पुन्हा बांधल्या, एकाचा दाणा दुसऱ्यात जाऊ न देता.

"नाही," ती म्हणाली. "संपला."