पाहुण्यांसाठी बसवलेली मुलं

ये गो बाय, अशी जवळ ये. उंबऱ्यावर बसून काय बोलतेस, परकी आहेस काय? वर्षातून एकदा यायचं आणि तेही पायातल्या चपला न काढता! मावशी काय मेल्यावर आठवायची? बस. शाळेतला जादा वर्ग का बंद झाला म्हणून विचारलंस ना, मग नीट ऐक. तूही शहरात मुलांना शिकवतेस, तुला कळेल.

मी शाळेत दुपारचा आहार शिजवते. स्वतः कधी शाळेत बसले नाही. अक्षरं शिकले ती खिचडी ढवळता ढवळता, पहिलीच्या वर्गातलं भिंतीपलीकडून ऐकून. त्यामुळे मागे पडलेल्या मुलांसाठी सरकारचा पैसा आला, सकाळी शाळा भरण्याआधी शिकवायला एक ताई आली, तेव्हा माझ्याएवढा आनंद कुणाला झाला नसेल.

त्या वर्गात वर कातळाच्या सड्यावरच्या वाडीतली एक पोर होती, चौथीतली. बाप मुंबईला, आई काजूच्या कारखान्यात. पुस्तक उघडलं की पोरीच्या पोटात दुखायला लागायचं. ताईने काय करावं? पुस्तक बाजूलाच ठेवलं. माझ्या डब्यांवर नावांचे कागद चिकटवले आणि म्हणाली, "जा, काकींना मीठ आणून दे." झाकण न उघडता, वाचून आणायचं. एकदा मिठाच्या जागी मोहरी आली. मी म्हटलं, "असू दे, आज तुझ्या हातची अळणी आमटी खाऊ!" तेव्हा कुठे ती हसली. दिवाळीनंतर बोट ठेवून अख्खी ओळ वाचायला लागली. जोडाक्षर आलं की मात्र थांबायची, पऱ्याच्या पाण्याशी गाय थांबते तशी.

मग निरोप आला, वर्ग पुढे चालवायचा की नाही ते बघायला तालुक्याहून साहेब येणार. झालं! आपल्याकडे पाहुणा म्हटला की अंगण सारवायचं, फुटके कप मागे टाकायचे, शेजारणीकडून बरे मागून आणायचे. शाळेच्या कमिटीच्या अध्यक्षांनी मुलांचंही तेच केलं. वरच्या वर्गातली हुशार मुलं आणून जादा वर्गात बसवली.

ताई कळवळून म्हणाली, "अहो, साहेबांना अडखळणारी मुलंच बघायची आहेत!"

अध्यक्ष म्हणाले, "अडखळणारी आम्ही रोज बघतोच की. पाहुण्यापुढे कुणी फुटका कप ठेवतो काय?"

सगळे हसले. मुख्याध्यापक हसले, मीही हसले. पटलंच होतं ना आम्हाला.

पोर केसांना तेल लावून, नवा फ्रॉक घालून आली होती. "काकी, मी पाठ नाही केलाय हां धडा, वाचूनच दाखवणार." तिला माझ्याकडे कोथिंबीर निवडायला बसवली. भिंतीपलीकडे दुसरीच मुलगी तिचा धडा घडाघडा वाचत होती. हिचे ओठ हलत होते. मध्येच हळूच म्हणाली, "इथे मी थांबले असते."

साहेबांनी घावणे खाल्ले, मुलांना शाबासकी दिली. म्हणाले, "इथली मुलं तर छान वाचतात. गरज दुसरीकडे जास्त आहे." अध्यक्ष असे फुलले की त्यांनी निघताना साहेबांच्या हातात नारळ दिला. पुढच्या महिन्यात ताईला दुसऱ्या गावाला पाठवलं, तेव्हा सगळ्यांचे चेहरे उतरले. पण खरं सांगायला जाणार कोण? गेलं तर गावाचंच नाक कापलं जायचं. साहेबांचं काय चुकलं गो? आम्ही दाखवलं ते त्यांनी बघितलं. पैसा अडखळणाऱ्यांसाठी आला होता, नि आम्ही अडखळणं तेवढं झाकून ठेवलं.

ती पोर आता पाचवीत आहे. डब्यांवरचे कागद वाफेने फिके झाले, मी पुन्हा चिकटवले. पण परवा मीठ मागितलं, तर तिने एकेक डबा कानाशी नेला आणि हलवून बघितला. कागदाकडे बघितलंसुद्धा नाही.

मी बसले असते तिच्याजवळ, पण जोडाक्षराशी मीही थांबते. तू ये. मोठ्या सुट्टीची वाट बघू नको, शनिवार-रविवार जोडून ये. चहा फुटक्या कपातच देईन, चालेल ना? तिलाही सांगून ठेवते, चुकलीस तरी हसणार नाही अशी माझी भाची येणार आहे. माझा शब्द खाली पाडू नको गो. लवकर ये.