करंगळीशेजारचं बोट

बाईंच्या पायाला भिंगरी आहे, असं सगळेच म्हणत. संगीतशाळेत त्या क्लॅरिनेट शिकवत, पण खुर्चीवर टेकलेलं त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. मूल सूर धरायला लागलं की बाई दाराशी, सूर घसरला की खिडकीशी, मध्येच फडकं घेऊन कपाट पुसणार. गेल्या महिन्यापासून तर घरीही तेच. गॅसवरचं दूध उतू जाई आणि बाई दुकानांना फोन लावत फिरत असत. "हे घर आहे का गोदाम?" नवरा विचारी. त्याचंही चूक नव्हतं. जेवायच्या टेबलावर अंगठ्याचे रबरी टेकू, गळ्यात अडकवायचे पट्टे आणि सगळ्यात मऊ रीडची, म्हणजे फुंकर घातली की थरथरणाऱ्या वेताच्या पातळ पट्ट्यांची, खोकी पसरलेली असत. ताट ठेवायला जागा नाही.

हा सगळा खटाटोप शाळेसमोरच्या शिंप्याच्या धाकटीसाठी. पोरगी सात वर्षांची. पाळण्यात असल्यापासून समोरच्या खिडकीतून तिने हाच आवाज ऐकला होता, तेव्हा तिला क्लॅरिनेटच हवी. आणि क्लॅरिनेटला सात वर्षांची माणसं मंजूर नाहीत! व्हायोलिन पाव मापाचं मिळतं, अर्ध्या मापाचं मिळतं. क्लॅरिनेट घ्यायची तर आख्खी घ्या. वजनाने पोरीचा अंगठा दुखे, आणि उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट खालच्या मोठ्या भोकावर पुरतं बसत नसे. तिथून हवा निसटली की सुराऐवजी किंकाळी. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकेने, सांगून टाकलं होतं, "शुक्रवारी मी ऐकायला येते. नाही जमलं तर व्हायोलिनला घालू तिला. हात वाढले की येईल परत."

हात वाढले की! बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. लहानपणी त्यांनाही हेच ऐकवलं होतं. हात वाढले, पण तोवर बरोबरीची मुलं कुठल्या कुठे पुढे निघून गेली, आणि वाद्यवृंदात शिरायची वेळ टळली ती टळलीच. तो सल अजून गेला नव्हता. पोरगी एकदा गेली की परत येणार नाही, याची त्यांना पक्की खात्री होती.

एका दुकानदाराने लाल प्लॅस्टिकचं खेळणं पुढे केलं. "धुताही येतं," असं वर कौतुक. दुसऱ्याने मोठीच क्लॅरिनेट दाखवून, "पोर काय हो, बघता बघता वाढेल," असा फुकटचा सल्ला दिला. शेवटी बँडमधून निवृत्त झालेल्या एका आजोबांकडे नेहमीपेक्षा आखूड आणि हलकी क्लॅरिनेट असल्याचं कळलं. आजोबा तिला हात लावू देईनात. बाई त्यांच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा घालू लागल्या. "अहो, बसा की! मला गरगरायला लागलंय," म्हणत आजोबांनी कंटाळून क्लॅरिनेटची पेटी त्यांच्या हातात दिली.

अंगठा दुखायचा थांबला. भोकंही जरा जवळजवळ आली. पण ते एक बोट! बाईंची एक परीक्षा होती. भोकावर बोट दाबायचं, उचलायचं आणि पेरावर उमटलेला वण बघायचा. पूर्ण गोल उमटला तर भोक झाकलं गेलं. गोल तुटका आला तर हवा निसटली. पोरीचा गोल दर वेळी एका बाजूने तुटका. बाई तासाच्या सुरुवातीला बघत, मध्ये बघत, जाताना बघत. रस्त्यात भेटली तरी नजर आधी तिच्या बोटाकडे. पेरलेलं बी रोज उकरून बघावं, तसा प्रकार. एकदा शिंपी मशीन थांबवून म्हणाला, "बाई, कपड्यात शिवणीला जास्तीची माया ठेवता येते, पोर वाढलं की उसवायचं. बोटाला ती कुठून सोडणार?" बाईंना हसू आलं नाही.

शुक्रवारी मोठ्या बाई येऊन बसल्या. पोरगी आत आली आणि तिने आपणहून बोट पुढे केलं.

"बाई, आला!"

गोल होता. पूर्ण, तांबडा, चांगला खोल. बाईंनी आनंदाने तिचा हात मोठ्या बाईंना दाखवायला उचलला, आणि त्या थबकल्या. क्लॅरिनेट अजून पेटीतच होती.

"कशाने केलास?" त्यांनी हळूच विचारलं.

पोरीची मान खाली गेली. "बाबांच्या मशीनच्या बॉबिनवर दाबलं. खूप वेळ." मग अगदी बारीक आवाजात, "गोल नाही आला की तुम्ही खिडकीशी जाता."

बाईंना कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. पोरीला व्हायोलिनची धास्ती नव्हतीच; धास्ती होती ती त्यांची. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"काय, आला का गोल?" मोठ्या बाईंनी चष्मा पुसत विचारलं.

"नाही आला," बाई म्हणाल्या.

पोरीचे डोळे भरून आले. बाईंनी खुर्ची ओढली आणि तिच्या उजव्या बाजूला चक्क बसल्या. क्लॅरिनेट जोडून तिच्या हातात दिली, तिचं ते बोट अलगद बाजूला केलं आणि तिथे स्वतःचं ठेवलं.

"हे काय आता?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"वाजवेल तीच. हे एक भोक मी झाकीन."

"असं किती दिवस?"

"तिचं बोट पुरेपर्यंत."

मोठ्या बाई हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. "वाजव गं," एवढंच म्हणाल्या.

पोरीने क्लॅरिनेटची चोच तोंडात धरली आणि फुंकर घातली. खालचा सूर निघाला. जाडाभरडा, हवा मिसळलेला, पण सलग! बाईंचा जीव हरखून गेला. उठावं, खिडकी उघडावी, समोर शिंप्याला ओरडून सांगावं असं त्यांना झालं. पाय आपोआप जमिनीवर आपटायला लागला, आणि सूर फाटला.

पोरीने तोंडातून वाद्य काढलं आणि त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"बाई, तुमचं बोट हलतंय."