टर्नरचा रोजचा पाऊण तास

चाळीस वर्षं लेथवर लोखंड कातणारा माणूस एकसष्टाव्या वर्षी कोडिंग शिकायला बसला, तेव्हा कारखान्यातल्या जुन्या मित्रांनी पोट धरधरून हसून घेतलं. "म्हातारपणी काय हे खूळ!" हसेनात का! टर्नरला कॉम्प्युटरशी काडीचं देणंघेणं नव्हतं. त्याला लेकीशी बोलायचं होतं.

लेक दूरच्या शहरात प्रोग्रामर. बापाशी सव्वा वर्ष अबोला. आणि तिचं तरी काय चुकलं हो? आईच्या डोक्यात गाठ निघाली, तेव्हा हिची नोकरीची परीक्षा तोंडावर. "तिच्या जिवाला कशाला घोर" म्हणत या शहाण्याने तीन महिने फोनवर "आई मजेत आहे" हेच पालुपद लावलं. लेक पोचली तेव्हा आई तिला ओळखतसुद्धा नव्हती. आई गेली, आणि तेव्हापासून लेक त्याचा फोन उचलेना.

एकदा तिच्या कपाटात राहिलेलं कोडिंगचं पुस्तक त्याने उघडलं, तिच्याच जुन्या लॅपटॉपवर चार ओळी बडवल्या आणि आलेली एरर तशीच तिला पाठवून दिली. दहा मिनिटांत उत्तर! "चौथ्या ओळीत कंस बंद केलेला नाही." बस्स. ना बाबा, ना कसे आहात. तरी त्याने ते वाक्य वीसदा वाचलं.

दुसऱ्या दिवशी त्याने दुसरी एरर पाठवली, तिसऱ्या दिवशी तिसरी. मग लेकीने नियमच घालून दिले. रोज सकाळी पाऊण तास, खाडा नाही. पुस्तकातली ओळ न ओळ हाताने टाइप करायची. एरर आली की आधी नीट वाचायची, काय काय करून पाहिलं ते लिहायचं, मगच विचारायचं. आठवड्याला एकच नवी गोष्ट, आणि ती न बघता लिहिता आली तरच पुढे. गडी मुळात इमानी. लोखंड एकदा जास्त कातलं गेलं की परत चिकटत नाही, म्हणून थोडं कातायचं, मोजायचं, पुन्हा कातायचं, ही त्याची जन्माची सवय. कोडही तो तसंच लिहायचा: दोन ओळी लिही, चालवून बघ, पुन्हा दोन ओळी. आठ महिन्यांत त्याने आपल्या कामाचा प्रोग्राम उभा केला. कुठले आटे पाडायला लेथवर किती दात्यांचे गिअर चढवायचे, ते हा प्रोग्राम झटक्यात सांगायचा.

आणि इथेच घोड्याने पेंड खाल्ली. एररच येईना! एरर नाही, तर विचारायचं काय? अकरा दिवस लेकीचा शब्द नाही. शिकला आणि पस्तावला बिचारा.

मग तो मुद्दाम चुकायला लागला. एक कंस काढून टाकला, उत्तर आलं. स्वल्पविराम खाल्ला, उत्तर आलं. पुढच्या खेपेला मात्र तिने लिहिलं, "हे तुम्हाला येतं. स्वतः शोधा." आता मोठी चूक हवी होती. त्याने दाते मोजणारा भाग असा बिघडवला की चाळीस दात्यांचा गिअर एकोणचाळीस दाखवू लागला. खाली लिहिलं, "कुठे चुकतंय कळेना. हल्ली आकडे डोक्यात राहत नाहीत."

पाच मिनिटांत फोन वाजला.

"बाबा, डोकं दुखतं का?"

किती दिवसांनी तो शब्द कानावर पडला! त्याने फोन कानाशी घट्ट धरला.

"बोला ना! उलट्या होतात का? तुम्ही, आणि मोजण्यात चुकणार? आईचं असंच सुरू झालं होतं. जेवायला दोन माणसं आणि ताटं पाच मांडायची, शेजारच्या काकूंनी सांगितलं मला, ती गेल्यावर. या वेळी लपवू नका हं बाबा. मी रजा टाकते, दुपारच्या गाडीत बसते."

टर्नरला आता उमगलं. आपण काय करून बसलो! आणि त्याच वेळी, खोटं कशाला सांगू, मोहही पडला. नुसतं "ये" म्हणायचा अवकाश, रात्रीपर्यंत लेक घरात. शब्द अगदी ओठांवर आला होता.

"मला काही झालेलं नाही, बाळा," तो म्हणाला. "चूक मुद्दाम केली. प्रोग्राम बरोबर चालतो. तू बोलत नाहीस ना, म्हणून."

पलीकडून रडण्याचा आवाज.

"आईच्या दुखण्याची भीती घातलीत मला?"

"तसं मनातसुद्धा नव्हतं गं. देवाशपथ."

"मी बॅग काढली होती, बाबा. तेव्हा आजार लपवलात, आता नसलेला दाखवलात. मी कशावर विश्वास ठेवू? आता मला काही पाठवू नका."

आयुष्यात एकदा वेळेवर खरं बोलला, आणि त्यानेच लेक गेली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर डोकं ठेवून तो हमसाहमशी रडला.

पाऊण तास मात्र त्याने सोडला नाही. या आठवड्यात खरीखुरी एरर आली, मुळीच मुद्दाम न केलेली. आज चौथा दिवस, सुटत नाही. विचारणार कुणाला?