मऊ ब्रशापायी कारंज्याले

इंझोरीच्या फाट्यावर सकाळची यष्टी आली तवा माह्या कडेवर लेकरू होतं, खांद्याले झोला होता, आन् मनात भेव होतं. कारंज्याले एकटीनं जाची माही पहिली खेप. आंधी गेली ते आमच्या याइच्या, म्हंजे माह्या घरधन्याच्या, फटफटीवर मांगे बसून, तोंडावर पदर घेऊन. रस्ता कदी धड पाह्यलाच नाही. आन् आज मले एकटीले जाऊन दाढीचा ब्रश आनाचा होता.

हासू नका बायाहो. दाढी कोनाची करायची नव्हती. माह्या विराजचं जावळ (लेकराचे जन्माचे केस काढनं) होतं. मांगच्या आठवड्यात गावातले न्हावीदादा घरी येऊन बसले होते. विराजचे केस असे दाट का नुसत्या पान्यानं नरमतच नाही. म्हनून त्याइनं साबनाचा फेस केला आन् आपला ब्रश त्याच्या डोक्याले लावला. ब्रश टोचला तसं लेकरानं हिसका मारला आन् वस्तरा टाळूच्या (डोक्यावरच्या मऊ जागेच्या) बाजूनं घसरला. रक्त आलं ते मोहरीयेवढं, पन मी लेकरू छातीशी ओढलं. न्हावीदादानं वस्तराच मिटला. म्हने, "माह्या ब्रशाचे केस हायेत डुकराचे, त्याचे बी खुंट झाले. मोठ्या मानसाच्या गालाले चालते ते. कारंज्याले मऊ केसाचा ब्रश भेटते. तो आना, मंग मी हात लावतो. नाही तं मी नाही."

उद्याचा दिवस धरला होता. माहा भाऊ येनार होता, जावळाले लेकरू मामाच्या मांडीवर पाह्यजे ना. घरी वांग्याचा तोडा चालू, हे वावर सोडून येऊ शकत नव्हते. सासू म्हने, "दाढीचा ब्रश आता बाई आनते. येताना मिशी बी घेऊन ये." मी झोला भरू लागली.

मी येवढी काहून भेली ते सांगतो. विराजच्या आंधी मले पोरगी झाली होती. बारशाआंधीच गेली. नाल्याच्या काठाले पुरली. आमच्यात बाया मातीले जात नाही, म्हनून ती जागा मी कदी पाह्यली नाही. सासूनं येवढंच सांगतलं होतं का वर दगडं ठेवले, नाही तं बिज्जू उकरते. बिज्जू म्हंजे रातचं जनावर, नख्या ह्या अशा लांब, ताज्या मातीतून लेकरं काढते म्हंतात. तवापासून डोळे मिटले का मले ती जागा उकरलेलीच दिसे. पान्याले गेली तरी त्या नाल्याकडं मी पाठ करून चाले.

तं यष्टीत बसली. बायाइले अर्धं तिकीट, पन विराजनं कंडक्टरच्या मशीनची दोरी अशी पकडली का अर्धी गाडी त्याले सोडवू लागली. कंडक्टर म्हने, "याले पुढच्या वर्सी नोकरीले लावा." लोक हासले तसा माहा जीव जरा भांड्यात पडला, आन् मी खिडकीतून पाह्यलं.

आन् काय सांगू. तुरीच्या मांगून काळवीट निघाला. पाठ काळी कुळकुळीत, पोट पांढरं, शिंगं पिळलेल्या दोरावानी. त्याच्या मांगे हरनीच हरनी. गाडीचा आवाज आला तशा त्या उडल्या, पाय जमिनीले लागतात का नाही समजेना. हे वावरं माह्या घरापासून येवढ्याश्या अंतरावर, आन् मी लग्न होऊन आली तवापासून असं काही पाह्यलं नव्हतं. बाजूच्या म्हाताऱ्या बाईले म्हटलं, "पाहा ना माय." ते म्हने, "माहा हरभरा खाल्ला त्याइनं, मी काय पाहू."

कारंजा आलं. आंधी कापसाच्या गाड्या, रस्त्याच्या कडंनं कापूस उडून राह्यलेला, झाडाच्या फांद्याइले बी अटकलेला. स्टँडवर मी कचोरी खाल्ली. चटनी येवढी तिखट का नाकातून पानी आलं, आन् लेकराले पाजाचं हाय हे आठवलं तसं अर्धी तशीच ठेवली. मंग जुन्या गावात शिरली. ती उंच वेस पाहून वर मान केली तं पदर पडला डोक्यावरचा. पुढं जैनाइचं देऊळ, दाराच्या लाकडावर येवढं बारीक कोरलेलं का मले वाटलं हे मानसानं केलं तं तो मानूस बाकी काही करत होता का नाही. उंबरठ्याबाहेर उभी राहून पाह्यलं. मंग अशा गल्लीत शिरली का फिरून फिरून त्याच मिठाईच्या दुकानापाशी येऊ लागली. तिसऱ्या खेपेस दुकानवाला म्हने, "ताई, आता तं बसाच." मी रडकुंडीले आली होती. त्यानंच मंग कटलरीचं दुकान दाखोलं.

कटलरीवाले शेठ चांगले होते. ब्रश मांगतला तसे नायलॉनचे काढून ठेवले. मी म्हटलं, केसाचा पाह्यजे, मऊ. त्याइनं हात जोडले. म्हने, "बाई, आमच्या दुकानात जनावराचा केस येत नाही. आमच्या धर्माले ते चालत नाही." नायलॉनचा मी विराजच्या तळपायाले लावून पाह्यला. त्यानं पाय पोटाशी घेतला. शेठनं पाह्यलं. मंग हळूच म्हने, "मशिदीच्या बोळात सलूनच्या सामानाचं दुकान हाय. चाचाले इचारा. पन मी धाडलं म्हनू नका, नाही तं मले त्याले चहा पाजा लागते."

बोळ अरुंद, दोन्हीकडून दुकानं, अनोळखी मानसं. मी लेकराले आवळून धरलं तं ते रडाले लागलं. चाचा पांढऱ्या दाढीचे, चष्मा कपाळावर. माह्याकडं पाह्यलं आन् म्हने, "शेठनं भेजा ना? चहा बाकी हाय त्याच्याकडं." मी तं कोनाचं नाव घेतलं नव्हतं. मले हासू आलं. किती वेळानं आलं.

मी सारं सांगतलं, टाळू, वस्तरा, रक्त. चाचा म्हने, "डुकराचा ब्रश मी बी ठेवत नाही बेटा, आमाले चालत नाही." म्हंजे एका दुकानात कोनत्याच जनावराचा केस नाही, दुसऱ्यात डुकराचा नाही, आन् गावातल्या न्हावीदादाकडं नुसता डुकराचाच. मी मनात म्हटलं, ब्रशाले बी येवढं सोवळं असते.

मंग त्याइनं काचेच्या कपाटातून खोकं काढलं. त्यात दोन ब्रश. एक सारा करडा-काळा. दुसऱ्याचे केस बुडाशी पांढरे, मधात काळा पट्टा, आन् शेंड्याले परत पांढरे, जसा राखेतून काढला. "आंधी आपल्या डोळ्यावर लाव," चाचा म्हने. करडा लावला, बरा वाटला, जरा खरखर. पांढऱ्या शेंड्याचा लावला तं लागला का नाही तेच समजेना. डोळा उघडून पाह्यलं तं ब्रश पापनीवरच होता.

मी इचारलं, हे येवढं मऊ काहून? चाचानं विराजचे केस दोन बोटात धरले. म्हने, "याचे काहून मऊ हायेत? कोनी कापले नाही म्हनून. शेंडा जसा उगवला तसाच हाय, बारीक. या ब्रशाचा बी तसाच. बांधताना बुडाकडून कापतात, शेंड्याले कैची लावत नाही. कापला का टोचते."

मले लय नवल वाटलं. माह्या लेकराच्या डोक्यावर नऊ महिने जे होतं, तेच माह्या हातात होतं.

त्याइनं वाटीत कोमट पानी घेतलं, ब्रश बुडवला. तो पानी असं प्याला का उचलला तरी गळेना. साबनावर गोल गोल फिरवला, आन् फेस आला. आमच्या घरी बी साबन हाय, फेस मी रोज पाह्यतो. हा तसा नव्हता. ताकावर लोनी यावं तसा घट्ट, वाटीच्या काठावरून वर आला तरी सांडला नाही. विराज रडायचा थांबला. चाचानं त्याच्या मनगटावर ब्रश टेकवला, आन् लेकरू हासलं. आवाज करून हासलं.

मी खुशीत इचारलं, "कोनाचे केस हायेत चाचा?"

"बिज्जूचे," ते म्हने. "आपल्या इकडला नाही, बाहेर मुल्कातला, थंडीतला. पन माती उकरनाराच."

मी विराजचा हात पदरानं खसाखसा पुसला. सालपट निघन येवढा पुसला. चाचा पाह्यतच राह्यले. मंग मी त्या परक्या मानसापुढं, भर दुकानात, जे याइच्यापुढं बी कदी बोलली नाही ते बोलली. पोरगी, नाला, दगडं, डोळे मिटले का दिसते ते.

चाचानं ब्रश खाली ठेवला. चष्मा डोळ्यावर घेतला, परत कपाळावर केला.

"माहा बी एक गेला, लहानपनीच," ते म्हने. "फत्तर मी माह्या हातानं ठेवले. लोक हेच सांगत, बिज्जू येते. मी दर जुम्म्याले जातो बेटा. उकरलेलं कदी पाह्यलं नाही. पन फत्तर ठेवाचं बी सोडलं नाही." मंग इचारलं, "तू गेली का पाहाले?"

मी मान हलवली, नाही.

त्याइनं नायलॉनचा ब्रश काढून दुसऱ्या बाजूनं ठेवला, म्हने तुही मर्जी. मी नायलॉनचा विराजच्या डोक्याले लावला. त्यानं मान मांगे घेतली. मंग मी डोळे मिटून पांढऱ्या शेंड्याच्याकडं बोट केलं. चाचानं तो पुसून बांधून दिला. सांगतलं का वाळवाचा तं केस खाली करून, आन् वापरावा नाही वाटला तं भिजलेला बी परत घेतो.

येताना यष्टीत लेकरू या बाजूले, आन् ब्रशाचा झोला त्या बाजूले, होईन तेवढा दूर. गाडीनं हिसका दिला का झोला सरके, मी पायानं परत ढकले. काळवीट दिसले असतीन, मी पाह्यलंच नाही. मले एकच गोष्ट ऐकू येत होती. तू गेली का पाहाले.

फाट्यावर हे फटफटी घेऊन उभे होते, हात वांग्याच्या काट्याइनं ओरबाडलेले. म्हने, "भेटला का?" मी म्हटलं, "हाव. गाडी नाल्यावर थांबवा."

"कायले वं?"

"मले पाहाचं हाय."

काय पाहाचं, हे त्याइनं इचारलं नाही. फरशीवर (नाल्यावरच्या बुटक्या पुलावर) गाडी थांबवली, विराजले घेतलं. लेकराले तिकडं नेत नाही, म्हनून ते तिथीच उभे राह्यले आन् मी एकटी खाली उतरली. ऊन कलतं झालं होतं. वरून ते सांगू लागले, "बाभळीच्या खालून जा. आता डावीकडं. पळसाचं झुडूप येईन." आवाज काही मोठा नव्हता, पन चुकत नव्हता. "थांब. पाय पुढं नोको टाकू. तुह्या म्होरंच हाय."

मी खाली पाह्यलं.

चपटे काळे दगडं, एकाले एक लागून, कोनी अंगनात फरशी बसवावी तसे नीट. त्याच्या सांदीसांदीतून गवत आलं होतं आन् वाळून पिवळं झालं होतं. एक बी दगड कोनी हलवला असता तं ते गवत उभं नसतं. मुंग्या आपल्या रांगेनं चालल्या होत्या. मी बसली, दगडावर हात ठेवला. दिवसभराच्या उन्हानं तो गरम होता, झोपलेल्या लेकराच्या पाठीवानी. मी हात काढलाच नाही बराच वेळ. वरून त्याइनं हाक बी मारली नाही.

वर आली तवा इचारलं, "तुमाले येवढं बरोबर कसं ठाऊक?"

"मी येत असतो," ते म्हने, आन् गाडीले किक मारली.

झोला मी मांडीवर घेतला, विराजच्या जवळच.

दुसऱ्या दिवसी भाऊ आला, अंगनात पाट मांडला, विराज मामाच्या मांडीवर. न्हावीदादानं ब्रश हातात घेऊन पाह्यला, उलटा केला, आपल्याच मनगटावरून फिरवला, आन् "वा" म्हने. फेस केला आन् लेकराच्या डोक्याले लावला. विराजचे डोळे हळूहळू मिटाले लागले. सारं डोकं पांढरं झालं. आन् मंग मी ते पाह्यलं. टाळूवर जो फेस होता तो वर-खाली होत होता. बारीकसा. आतून लेकराचा जीव त्याले हलवत होता. न्हावीदादाले बी दिसलं, त्याइनं वस्तरा तितकाच वेळ थांबवला. वस्तरा फिरला, केस फेसासकट सासूनं रीतीपरमानं पोळीवर झेलले, आन् लेकरू निजलंच.

कारंजा काही दूर नाही. लोक सकाळी जातात, दुपारी भाजी विकून घरी जेवतात. मी तिथी जाऊन आली त्याले आता लय दिवस झाले, पन अजूनबी वाटते का मी त्या काळविटाच्या वावराच्या पल्ल्याडचं काही पाहून आली. आता डोळे मिटले का मले ते दगडं दिसतात आन् त्यातलं गवत दिसते.

जावळाच्या दिवसी पाहुने गेल्यावर मी ब्रश धुतला आन् केस खाली करून खिळ्याले टांगला. तो कोनत्या जनावराचा हाय हे सासूले सांगतलं नाही. याइले सांगतलं. त्याइनं खिळ्याकडं पाह्यलं. म्हने, "म्हनून पाहाले गेली होय?"

मी म्हटलं, "हाव."

मंग त्याइनं तो खिळ्यावरून काढला, भिजलेलाच, आन् डोळे मिटून आपल्या गालावरून हळू हळू फिरवला.