राजारामकाकांचा इको

राजारामकाकांनी तीस वर्षं घाटकोपरचा आवाज वाढवला. भटवाडीतली भीमजयंती, कुणाची हळद, तिसऱ्या खेपेला दहावी पास झालेल्या पोराचा सत्कार, सगळीकडे 'राजाराम साऊंड'चे कर्णे. आता पोरं आपापले डीजे आणतात. म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी काकांनी कर्णे विकले आणि त्याच गाळ्यात पॉडकास्टचा स्टुडिओ काढला. म्हणजे माणसाने बंद खोलीत बसून हळू बोलायचं आणि लोकांनी ते कानात बोळे घालून ऐकायचं. यात धंदा आहे, हे काकांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

मी बार्शीचा. आमच्या शाळेत एकच माइक होता, तोही मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद. एवढ्या अनुभवावर काकांनी मला रेकॉर्डिंग कापायला-जोडायला ठेवलं.

खोली मात्र त्यांनी झकास केली. गाळ्याच्या भिंती प्रत्येक शब्द परत फेकायच्या. काकांनी काकूंच्या गोधड्या लाकडी चौकटींवर ताणल्या, मागे कापूस भरला आणि भिंतींना ठोकल्या. काकूंना विचारायचं राहिलं. त्या दोन दिवस फक्त माझ्याशी बोलत होत्या. काका रोज मधोमध उभे राहून टाळी वाजवायचे, कान टवकारायचे. एके दिवशी टाळी परत आली नाही. काका बराच वेळ तिची वाट बघत उभे होते.

पहिल्या आल्या मुलुंडच्या अनुपमा मॅडम, निवृत्त नर्स. नव्या आयांसाठी बारा भाग करायचे होते. चाचणी पटली तर सगळे इथेच. नाहीतर काकांचा मेहुणा गाळ्यात पाण्याच्या बाटल्या रचायला टपलेलाच होता.

मॅडम दोन मिनिटं बोलल्या. मी ऐकवलं. "बाळाला... ळाला... ळाला..."

मॅडमनी हेडफोन काढला. "मी बाळाला दूध पाजायला सांगतेय. सभा घेत नाहीये."

मी मिक्सरकडे पाहिलं. इकोचं बटण अर्ध्यावर. महिनाभर खपून भिंतीतून काढलेला इको काकांनी स्वतःच्या हाताने मशीनमधून परत आणला होता. मी त्यांच्याकडे पाहिलं, तसे ते खालच्या आवाजात म्हणाले, "अरे, इको नसला की गिऱ्हाईक म्हणतं, साऊंड हलका आहे. बिनइकोचा आवाज उघडा वाटतो रे."

"उघडाच हवाय, काका."

त्यांचं बोट बटणावर थोडा वेळ नुसतंच राहिलं. मग त्यांनी ते शून्यावर आणलं.

मॅडमनी पुन्हा सुरुवात केली. आता त्यांचा श्वास, आवंढा, सगळं ऐकू येत होतं. काका डोळे मिटून ऐकत होते. मध्येच त्यांनी हात वर करून थांबवलं. मला वाटलं, वाट लागली.

"मॅडम, तुम्ही वाचताय. इकोत ते झाकलं जात होतं. कागद ठेवा बाजूला. तुमच्या हाताखालची पहिली बाळंतीण कोण?"

मॅडमनी कागद पालथा ठेवला. दहिसरची शकु, म्हणाल्या. एकोणीस वर्षांची होती, बाळापेक्षा तीच जास्त रडायची. मग अकरा मिनिटं त्या शकुशीच बोलल्या. मी कापायला काही शोधत होतो, सापडलं नाही.

उठताना मॅडमनी विचारलं, दर मंगळवारी जागा मिळेल का?

काकांनी कोरी करकरीत डायरी उघडली, सावकाश चार-पाच पानं उलटली, कपाळाला आठी घातली आणि म्हणाले, "मंगळवार जरा अवघड आहे. पण बसवतो."